स्कॉटलंडची ओढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची पुण्याची, गेली चौदा वर्षं एडिनबरात राहते. उन्हाळा आला की घरी पाहुण्यांची रीघ लागते आणि जेवताना तेच ते प्रश्न निघतात. किल्ट, बॅगपाइप, आणि "एवढ्याशा देशाचं जगाला एवढं काय वेड?" घाईत दिलेल्या उत्तरांनी त्यांचंही समाधान होत नाही आणि माझंही, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते आहे.

खरंच, एवढ्याशा देशाचं जगाला इतकं वेड का?

२०२२च्या जनगणनेत स्कॉटलंडची लोकसंख्या ५४ लाखांच्या थोडी वर भरली. म्हणजे मुंबईच्या निम्मीही नाही. तरी न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका, जपान, कुठेही गेलात तरी किल्ट घालून बॅगपाइप वाजवणारं कुणीतरी भेटतंच. डोंगर, तळी आणि किल्ले हे कारण लोक पटकन सांगतात, पण डोंगर-तळी स्वित्झर्लंडकडेही आहेत. मला दिसतं ते असं : इथून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बाहेर गेली, त्यातली कितीतरी नाइलाजाने. घर आणि जमीन बोटीत घालून नेता येत नाही, म्हणून त्यांनी सूर, गाणी, आडनावं आणि कापडावरच्या चौकटी नेल्या. आणि जे नेलं ते कुणालाही करून बघता येण्यासारखं होतं. गाणं म्हणायचं, फेर धरायचा, पिशवीत हवा भरून सूर काढायचा.

माझ्या इथल्या पहिल्याच हिवाळ्यात मी एका केलीला गेले होते. केली म्हणजे गाण्याबजावण्याची आणि नाचाची घरगुती बैठक. मी भिंतीला टेकून उभी. सत्तरीच्या एका आजींनी न विचारता माझं मनगट धरलं आणि 'स्ट्रिप द विलो' या नाचाच्या रांगेत उभं केलं. पुढची दहा मिनिटं मी एका हातातून दुसऱ्या हातात गरगरत होते. पावलं सगळी चुकली. कुणाला त्याचं काही वाटलं नाही, प्रत्येक जण फक्त पुढचा हात दाखवत होता. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला त्या रात्री मिळालं.

स्कॉटलंड म्हणजे इंग्लंडच ना?

नाही, आणि इथे येऊन असं म्हणू नका, माणसं दुखावतात. १६०३ मध्ये दोन्ही देशांचा राजा एक झाला, १७०७ मध्ये संसद एक झाली. पण कायदा, चर्च आणि शिक्षणपद्धती स्कॉटलंडने आपली वेगळीच ठेवली, आणि १९९९ पासून एडिनबरात पुन्हा स्वतःची संसद आहे.

किल्ट किती जुना आहे?

आज दिसतो तो आखूड, शिवलेल्या चुण्यांचा किल्ट अठराव्या शतकातला. त्याच्या आधी, सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून, हायलँडमधले म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ मुलखातले पुरुष एक लांबलचक लोकरी कापड अंगाभोवती घेत. जमिनीवर पट्टा ठेवायचा, त्यावर कापड पसरून हाताने चुण्या घालायच्या, मग त्यावर आडवं होऊन पट्टा आवळायचा आणि उठायचं. उरलेलं कापड खांद्यावर. पावसात ते डोक्यावरून घेता येई, रात्री पांघरूण होई. धोतर आणि घोंगडी दोन्ही एकाच कापडात, असं समजा.

आमच्या घराजवळ किल्ट शिवणाऱ्या एक बाई होत्या, आता थांबल्या. त्यांच्याकडे मी कितीदा तरी बसले आहे. पुरुषाच्या चांगल्या किल्टला आठ यार्ड कापड लागतं. मी त्यांना म्हटलं, आमच्या आजीच्या लुगड्याला नऊ वार लागायचे, तर त्यांनी हातातली सुई खाली ठेवून मला नऊवारी कशी नेसतात ते सविस्तर विचारून घेतलं. त्यांचं काम बघण्यासारखं. प्रत्येक चुणी अशी मोडायची की आतलं कापड लपून गेलं तरी बाहेर चौकटीची रचना जशीच्या तशी, एकही रेघ न तुटता दिसली पाहिजे. लष्करी किल्टमध्ये पद्धत वेगळी, तिथे प्रत्येक चुणीवर एकच ठरावीक पट्टा आणतात, त्यामुळे चालताना रंग हलल्यासारखा दिसतो. हे सगळं हाताने, बारीक टाके घालत. खाली लावलेली पिन फक्त वरच्या पदरातून घालायची, दोन्ही पदरांतून घातली तर कापड ओढलं जाऊन फाटतं. नवखे लोक नेमकं तेच करतात.

प्रत्येक घराण्याचं टार्टन वेगळं, हे खरं का?

आज खरं आहे. पूर्वी तसं नव्हतं.

टार्टन म्हणजे रंगीत उभ्याआडव्या धाग्यांची चौकट आणि त्या चौकटीच्या ठरलेल्या मापाला म्हणतात सेट. कापड जुनंच आहे. ग्लेन ॲफ्रिक इथे दलदलीत सापडलेला एक तुकडा साधारण १५०० ते १६०० या काळातला निघाला. पण अमक्या घराण्याची अमकी चौकट, ही व्यवस्था त्या काळात नव्हती. १६ एप्रिल १७४६ला कलोडनच्या माळावर, ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या राजपुत्र चार्ल्सच्या बाजूने लढलेले हायलँडर आपला माणूस ओळखायचे ते टोपीवरच्या पांढऱ्या फितीवरून. ती लढाई तासाभराच्या आत संपली, त्यांचा दारुण पराभव झाला, आणि त्याच वर्षी हायलँडच्या पुरुषांच्या पोशाखावर कायद्याने बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार. सैन्यातल्यांना मात्र सूट होती. बंदी उठली १७८२ मध्ये.

बंदी उठेपर्यंत एक पिढी संपली होती आणि त्या कपड्याभोवती आठवणींचं वलय तयार झालं होतं. १८१५ मध्ये हायलँड सोसायटी ऑफ लंडनने घराण्यांच्या प्रमुखांकडून त्यांच्या टार्टनचे नमुने मागवले तेव्हा काहींना आपलं टार्टन कोणतं हेच ठाऊक नव्हतं. बॅनकबर्न गावच्या विल्सन कंपनीने १८१९ मध्ये नमुन्यांची मोठी वही केली, त्यात दोनशेहून जास्त चौकटी होत्या. मग १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत राजा असताना इथे येणारा तो पहिलाच. स्वागताची सगळी आखणी केली कवी आणि कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी, आणि राजासकट सगळ्यांना टार्टन चढवलं. ज्या लोलँडच्या म्हणजे दक्षिणेच्या सखल मुलखातल्या लोकांनी हायलँडरला शतकानुशतकं चोर-दरोडेखोर मानलं, त्यांनीही तेच अंगावर घेतलं. पुढे व्हिक्टोरिया राणीने आणि अल्बर्टने बालमोरल घेतलं, तिथे फरशीवरही टार्टन अंथरलं. १८४२ मध्ये दोघा भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या नावाखाली टार्टनांचा ग्रंथच छापला. ते हस्तलिखित बनावट ठरलं, पण त्यातल्या कितीतरी चौकटी आजही विकल्या जातात.

मग हे सगळं खोटं का, असं लगेच विचारतात. मला तसं वाटत नाही. दोनशे वर्षं ज्या कापडात लग्नं लागली आणि ज्या कापडात माणसं पुरली गेली, ते त्यांचं झालं. फक्त दुकानदाराने हजार वर्षांची परंपरा सांगितली तर मान डोलावू नका. २००९ पासून टार्टनांची सरकारी नोंदवही आहे आणि नवी चौकट रचून कुणालाही नोंदवता येते.

माझं आडनाव कुलकर्णी. मी किल्ट घातला तर चालेल का?

चालेल. कुणी परवानगी विचारत नाही आणि कुणी हरकतही घेत नाही. कोणत्याही घराण्याशी न जोडलेली टार्टनं भरपूर आहेत, जिल्ह्यांची आणि शहरांचीही आहेत. माझ्या भाच्याने इथल्या लग्नात भाड्याचा किल्ट घातला तेव्हा नवरदेवाच्या काकांनी स्वतः गुडघे टेकून त्याच्या मोज्यांच्या फिती सारख्या केल्या होत्या. नीट घाला, एवढीच अपेक्षा असते.

क्लॅन म्हणजे आपल्याकडचं कूळ का?

जवळपास, पण हुबेहूब नाही. 'क्लॅन' हा शब्द गेलिक या हायलँडच्या जुन्या भाषेतल्या 'क्लान' म्हणजे 'लेकरं' या शब्दावरून आला. 'मॅक' म्हणजे 'चा मुलगा'. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा वंशज. पण एका आडनावाचे सगळे एका रक्ताचे, असं नव्हतं. प्रमुखाच्या जमिनीवर राहणारी, त्याच्या आश्रयाला आलेली कुळंही त्याचंच नाव लावत. मराठीत 'कूळ' शब्दाचे दोन अर्थ आहेत ना, घराण्याचा आणि जमीन कसणाऱ्याचा? क्लॅनमध्ये दोन्ही एकत्र होते. नाव किती महत्त्वाचं होतं याचा दाखला म्हणजे मॅकग्रेगर. १६०३ मध्ये ते आडनाव लावण्यावरच बंदी घातली गेली. मधली काही वर्षं सोडली तर ती कायमची उठायला १७७४ उजाडलं. दरम्यान माणसं दुसऱ्यांची आडनावं लावून जगली.

लोक देश सोडून का गेले?

याचं उत्तर देताना मला दरवेळी क्रॉइकचं चर्च आठवतं.

कलोडननंतर प्रमुख आणि त्याची माणसं यांचं नातं तुटत गेलं. प्रमुख जमीनदार झाले, लंडन-एडिनबराला राहू लागले, कर्जात बुडाले. खंडाच्या शेतकऱ्यांपेक्षा मेंढ्यांत जास्त पैसा होता, म्हणून खोरीच्या खोरी रिकामी केली गेली. यालाच हायलँड क्लिअरन्सेस म्हणतात. सदरलंडमधल्या स्ट्रॅथनेव्हरमध्ये १८१४ आणि १८१९ साली घरांच्या छपरांना आगी लावल्या, लोकांना किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर नेऊन बसवलं. तिथला कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ मध्ये खटला झाला, तो निर्दोष सुटला. त्यात १८४६ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि उरलेलेही निघाले. सगळेच हाकलले गेले असं मात्र नाही. लोलँडमधून धंद्यासाठी, नोकरीसाठी आपणहून गेलेलेही पुष्कळ होते.

क्रॉइक हे ग्लेनकॅल्व्हीजवळचं एकाकी चर्च. १८४५च्या मे महिन्यात त्या खोऱ्यातली अठरा कुटुंबं घराबाहेर काढली गेली. चर्चच्या आत राहणं त्यांना पाप वाटलं, म्हणून बाहेर थडग्यांच्या मधल्या जागेत आडोसे करून राहिली. जाण्याआधी त्यांनी पूर्वेच्या खिडकीच्या काचांवर, बाहेरच्या बाजूने, टोकदार काहीतरी घेऊन अक्षरं कोरली. मी गेले तेव्हा ऊन तिरपं होतं, नाहीतर ती दिसत नाहीत. काच हिऱ्याच्या आकाराची, तळहातापेक्षा लहान, अक्षरं वेडीवाकडी पण स्वच्छ. ग्लेनकॅल्व्हीची माणसं २४ मे १८४५ला इथे होती, असं एकीवर. दुसरीवर फक्त एवढंच, की ग्लेनकॅल्व्हीची माणसं म्हणजे पापी पिढी. घरं गेली ती आपल्याच पापाने, असं त्यांना वाटत होतं. घरात गेलिक बोलणाऱ्या माणसांनी ते इंग्रजीत लिहिलं. मी बराच वेळ तिथे उभी होते. सोबत आलेल्या कॅनडाच्या एका जोडप्यातली बाई काचेला हात न लावता, एक इंच अंतर ठेवून, अक्षरांवरून बोट फिरवत होती.

मग ती माणसं गेली कुठे?

कॅनडातला नोव्हा स्कोशिया प्रांत, म्हणजे नावातच 'नवं स्कॉटलंड'. १७७३ मध्ये 'हेक्टर' नावाचं जहाज सुमारे दोनशे माणसं घेऊन तिथल्या पिक्टू बंदराला लागलं. आख्यायिका अशी, की एका पाइपवाल्याकडे भाड्याचे पैसे नव्हते तेव्हा बाकीच्यांनी आपल्या शिध्यातला वाटा त्याला देऊ केला आणि त्याला उतरू दिलं नाही. केप ब्रेटन बेटावर गेलिक आणि फिडलवादनाची जुनी ढब आजही टिकून आहे. ती शिकायला स्कॉटलंडहून लोक तिकडे जातात.

न्यूझीलंडचं डनीडन १८४८ मध्ये वसलं. हे एडिनबराचंच गेलिक नाव. प्रिन्सेस स्ट्रीट आणि जॉर्ज स्ट्रीट तिथेही आहेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये ग्रँडफादर माउंटनवर १९५६ पासून हायलँड खेळ भरतात. रात्री मशाली घेऊन एकेका घराण्याचं नाव पुकारलं जातं आणि लोक 'आम्ही आहोत' म्हणून पुढे येतात. ६ एप्रिल हा तिथे टार्टन दिवस, कारण १३२०च्या त्याच दिवशीचं आर्ब्रोथचं स्वातंत्र्यपत्र. गंमत म्हणजे (आणि हे मला फार आवडतं) स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या माणसाला क्लॅनचं जेवढं अप्रूप नसतं तेवढं तिकडच्या सहाव्या पिढीला असतं. न्यू जर्सीतला गणेशोत्सव पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्या खेळांत झाडाचा ओंडका का फेकतात?

त्याला केबर म्हणतात. तो लांब फेकायचा नसतो, सगळे इथेच फसतात. उभा उचलून, चार पावलं पळून असा उडवायचा की जाड टोक जमिनीवर आपटून ओंडका उलटा व्हावा आणि बारीक टोक थेट समोर, घड्याळात बारा वाजतात त्या दिशेला पडावं. गुण त्या सरळपणाला. सगळ्यात नावाजलेला मेळा ब्रेमारचा, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी.

बॅगपाइपचा सूर अंगावर काटा का आणतो?

एक कारण वाद्याच्या बांधणीत आहे. तीन नळ्या एकच सूर सतत धरून ठेवतात, आपल्या तंबोऱ्यासारखा, आणि चौथीवर बोटांनी चाल वाजते. त्या चौथीत सूर फक्त नऊ. आवाज लहानमोठा करता येत नाही, मध्ये थांबताही येत नाही, पिशवीत हवा आहे तोवर सूर चालूच. मग एकच स्वर दोनदा लागोपाठ वाजवायचा तर कसा? मध्ये विजेसारखा एक कणस्वर टाकायचा. बॅगपाइपचं सगळं कसब त्या कणांत असतं.

आपल्याकडच्या संगीतप्रेमींना आणखी एक गोष्ट सांगायला मला आवडते. पिब्रोख नावाचं त्यांचं अभिजात पाइपसंगीत पूर्वी लिहून ठेवत नसत. गुरू ते तोंडाने, ठरलेल्या अक्षरांत म्हणून दाखवायचे, 'हिहारिन' वगैरे, आणि शिष्य ऐकून पाठ करायचे. अगदी तबल्याच्या बोलांसारखं. स्काय बेटावरचं मॅक्रिमन घराणं त्यासाठी प्रसिद्ध. 'घराणं' हा शब्द इथे आपल्या अर्थाने चपखल बसतो.

हे वाद्य फौजांबरोबर जगभर गेलं. गढवालच्या लग्नांत मशकबीन वाजते ती हीच. पाकिस्तानातलं सियालकोट आणि आपलं मेरठ इथे बॅगपाइप बनतात आणि परदेशी जातात. भारतीय पायदळाच्या पलटणींचे पाइप बँड तुम्ही प्रजासत्ताक दिनाला पाहिलेच असतील. दर ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर पाइप बँडची जागतिक स्पर्धा भरते, ती कॅनडाच्या आणि उत्तर आयर्लंडच्या बँडनी कितीतरी वेळा जिंकली आहे. इथल्या लोकांना त्याचं वाईट वाटत नाही, उलट अभिमान वाटतो.

'ऑल्ड लँग साइन' हे स्कॉटिश गाणं आहे?

हो, आणि बहुतेकांना त्याचा अर्थ माहीत नसतानाही ते पाठ असतं. अर्थ साधा आहे : फार पूर्वीचे ते दिवस. १७८८ मध्ये कवी रॉबर्ट बर्न्सने ते एका गीतसंग्राहकाकडे पाठवलं तेव्हा एका म्हाताऱ्याच्या तोंडून उतरवून घेतल्याचं सांगितलं होतं. त्यातला किती भाग त्याचा स्वतःचा, यावर अजून वाद होतात.

बर्न्स २५ जानेवारी १७५९ला ॲलोवेत, शेतकऱ्याच्या मातीच्या घरात जन्मला आणि ३७व्या वर्षी गेला. लिहिलं ते गावच्या बोलीत, स्कॉट्समध्ये. १७८६ मध्ये त्याचा पहिला संग्रह ६१२ प्रतींचा निघाला. प्रेम, दारू, नांगराखाली घर मोडलेला उंदीर, माणसामाणसातली बरोबरी, हे त्याचे विषय. म्हणूनच रशियात मार्शाकच्या अनुवादांतून तो घराघरांत पोचला आणि १९५६ मध्ये सोव्हिएत टपाल तिकिटावर झळकला. रवींद्रनाथांनी 'पुरानो शेइ दिनेर कथा' या गाण्याला हीच चाल घेतली. जपानमध्ये हीच चाल ऐकू आली की दुकान बंद व्हायची वेळ झाली असं समजतात. आणि आपल्या खडकवासल्याला, एनडीएच्या दीक्षान्त संचलनात, 'अंतिम पग' टाकताना कॅडेट वर्षानुवर्षं याच सुरावर संथ पावलं टाकत आले आहेत. पुण्यात वाढल्यामुळे मी हा सूर आधी तिथलाच समजत होते.

एक सूचना. हातांची अढी सुरुवातीपासून घालू नका. आधी नुसते हात धरून गोल उभं राहायचं आणि शेवटचं कडवं आलं, 'हा माझा हात घे' असं म्हणणारं, की मगच हात आडवे करून दोन्हीकडच्यांचे धरायचे.

हॅगिस म्हणजे नक्की काय? शाकाहाऱ्यांनी काय करावं?

मेंढीचं काळीज, कलेजी, फुप्फुस बारीक करून ओटचा भरडा, कांदा, चरबी आणि मिरी घालून पिशवीत शिजवतात. ज्या घरात वजडी आवडीने होते तिथल्या माणसाला नवल वाटणार नाही. शाकाहारी हॅगिस सगळीकडे मिळतं, डाळी आणि ओटचं, आणि खरोखर चांगलं लागतं. आमच्याकडे ते लिंबू पिळून खातात, पण हे इथल्यांना सांगत नाही.

आणि व्हिस्की?

यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. १४९४च्या सरकारी हिशेबात दारू गाळण्यासाठी दिलेल्या माल्टची (मोड आणलेल्या बार्लीची) नोंद आहे, निदान तीन वर्षं ओकच्या पिंपात आणि स्कॉटलंडमध्येच मुरली तरच तिला स्कॉच म्हणता येतं, आणि २०२२ मध्ये बाटल्यांच्या संख्येत भारत तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ठरला. एवढं पुरे.

आपली कोयरी तिकडे कशी गेली?

काश्मिरी शालींवरून. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या शाली युरोपात पोचल्या, श्रीमंत बायकांना हव्याशा झाल्या आणि परवडेनाशा होत्या. ग्लासगोजवळच्या पेझली गावच्या विणकरांनी नक्कल सुरू केली, पुढे जॅकार्ड मागावर झपाट्याने काढू लागले. गावाचं नाव नक्षीला चिकटलं आणि जगभर कोयरीला 'पेझली' म्हणतात. तिथल्या मागांवरच्या शाली मी पाहिल्या आहेत, काम फार सुंदर आहे. तरी आईच्या पदरावरची कोयरी ज्यांनी प्रथम विणली, त्या काश्मिरी कारागिरांचं नाव नक्षीला राहिलं नाही, याची खंत वाटतेच.

महाराष्ट्राशी स्कॉटलंडचा काही खरा संबंध आहे का?

बराच, आणि सगळा गोड नाही. २३ सप्टेंबर १८०३ला आजच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर इंग्रजांचा सेनापती वेलस्ली चालून आला तेव्हा त्याच्याकडे ७४वी आणि ७८वी अशा दोन हायलँडर पलटणी होत्या. ७४वीची तर धूळधाण उडाली. त्या लढाईचं नाव आणि हत्तीचं चिन्ह त्यांच्या वारसदार पलटणीच्या बिल्ल्यावर पुढे दीर्घकाळ राहिलं. स्वतःच्या मुलखातून उखडले जाणारे लोक दुसऱ्यांचं राज्य बुडवायला आले होते, हे मला तिथल्या शेतांकडे बघताना सतत जाणवत होतं.

मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम दोघेही स्कॉटिश. महाबळेश्वरच्या माल्कम पेठेचं नाव दुसऱ्यावरून. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले, मराठी शिकले, त्यांनी १८३२ मध्ये काढलेल्या शाळेतून विल्सन कॉलेज उभं राहिलं. पॅट्रिक गेडिस १९१९ ते १९२४ मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. धर्मांतर हा मिशनऱ्यांचा हेतू होता हे खरं, आणि त्या बाकावर बसलेल्या मुलाने पुढे मुलींची शाळा काढली हेही खरं.

म्हणजे स्कॉटलंड साम्राज्यात सामील होतं?

पुरेपूर. ग्लासगोतली बुकॅनन आणि ग्लासफर्ड या रस्त्यांची नावं तंबाखूच्या व्यापाऱ्यांची आहेत आणि तो तंबाखू गुलामांच्या कष्टावर पिकायचा. जमैकात कॅम्पबेल हे अगदी सर्रास आडनाव आहे. बरोबरीचं गाणं लिहिणारा बर्न्ससुद्धा १७८६ मध्ये जमैकाच्या मळ्यावर नोकरीला निघाला होता, पुस्तक खपलं म्हणून राहिला. ग्लासगो विद्यापीठाने गुलामीच्या पैशातून झालेला आपला फायदा उघडपणे मोजला आणि २०१९ मध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाबरोबर दोन कोटी पौंडांचा करार केला. किल्टवर जीव असलेल्यांनी हेही वाचावं, असं मी आग्रहाने सांगते.

गेलिक अजून बोलतात का?

२०२२च्या जनगणनेत सुमारे ७० हजार माणसांनी गेलिक बोलता येतं असं सांगितलं. त्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त पश्चिमेच्या बेटांवर. १८७२च्या शिक्षण कायद्यात या भाषेला जागाच नव्हती, मुलं शाळेत ती बोलायला घाबरत. आता गेलिक माध्यमाच्या शाळा आहेत, आणि मोबाईलवर ती शिकायला जगभरातल्या दहा लाखांहून जास्त लोकांनी नाव घातलं. त्यातले किती जण टिकतात ते सोडा, एवढ्यांना शिकावंसं वाटलं हे मोठंच. बर्न्सची स्कॉट्स ही वेगळी भाषा, इंग्रजीची बहीण. 'लॉख' म्हणजे तळं, याचा शेवटचा उच्चार घशातून येतो. आपल्याला तो सहज जमतो, इंग्रजांना जमत नाही.

पूर्वज शोधायला लोक येतात, ते कसं करतात?

१ जानेवारी १८५५ पासून जन्म, लग्न, मृत्यूची सक्तीची नोंद आहे. त्याआधीच्या नोंदी चर्चच्या वह्यांत, सगळ्यात जुनी १५५३ची. बहुतेक सगळं 'स्कॉटलंड्‌स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. दोन गोष्टींपासून सावध राहा. 'तुमच्या आडनावाचं राजचिन्ह' म्हणून विकतात ते खरं नसतं, चिन्ह एका व्यक्तीला मिळतं, आडनावाला नाही. आणि चौरस फूटभर जमीन विकत घेऊन 'लेअर्ड' होता येत नाही. भेट म्हणून घ्या, पदवी म्हणून नको.

आणायचं काय?

शाल-मफलर घेणार असाल तर हॅरिस ट्वीड हे लोकरी कापड घ्या. १९९३च्या कायद्यानुसार ते पश्चिमेच्या बेटांवरच्या विणकराने आपल्या घरी, हातमागावर विणलेलं असावं लागतं. आतल्या बाजूला गोल आणि क्रूसाचा शिक्का बघा. पैठणी घेताना उलटी बाजू बघतो ना, तसंच.

कधी यावं?

ऑगस्टमध्ये सगळं असतं, आणि गर्दीही असते. मला विचाराल तर जानेवारीच्या शेवटी या. थंडी कडाक्याची, साडेचारला सूर्यास्त, पण २५ तारखेच्या आसपास गावोगावी बर्न्सची पंगत असते. हॅगिसला पाइप वाजवत आत आणतात, कुणीतरी सुरी उगारून त्याला उद्देशून कविता म्हणतं, मग गाणी, मग नाच. नाव आधी सांगून ठेवावं लागतं, जागा भरतात. गेल्या वर्षी मी नऊवारी नेसून गेले होते. किल्ट शिवणाऱ्या त्या बाईही आल्या होत्या. त्यांनी मला दाराशीच थांबवलं, चष्मा लावला आणि वाकून माझ्या निऱ्या मोजल्या.